तीन मिनिटं, झीरो इन्क्रिमेंट

रात्रीचे पावणेबारा. सकाळी साडेनऊला क्लायंट कॉल आहे. बायको दोनदा 'झोप आता' म्हणून कूस बदलून मोकळी झालीय आणि मी मोबाइल पोटावर ठेवून पोलंडमधल्या कुणाशी तरी तीन मिनिटांचा बुद्धिबळाचा डाव खेळतोय. 'हा शेवटचा' असं स्वतःला सांगून झालंय. साडेदहाला सांगितलं होतं.

तुम्ही याच पंथातले असाल तर पुढचा परिच्छेद सोडून द्या. नसाल तर थोडक्यात सांगतो. ब्लिट्झ म्हणजे घाईचं बुद्धिबळ. दोघांनाही ठरावीक वेळ, समजा तीन मिनिटं. तुमची चाल झाली की तुमचं घड्याळ थांबतं, समोरच्याचं सुरू होतं. ज्याचा वेळ आधी संपला तो हरला. मग पटावर त्याचा अख्खा वजीर जास्त असो, नाहीतर मात एका चालीवर असो. फिडे ही बुद्धिबळाची जागतिक संघटना दहा मिनिटं किंवा त्याहून कमी वेळाच्या डावाला ब्लिट्झ म्हणते. त्याच्या वर पण तासाच्या आत असेल तर रॅपिड. एका मिनिटाचाही डाव असतो, त्याला बुलेट म्हणतात. तो बुद्धिबळापेक्षा अंगठ्याचा खेळ आहे असं माझं ठाम मत आहे. (माझं बुलेटचं रेटिंग अतिशय वाईट आहे, हा निव्वळ योगायोग!)

तर रेटिंग. सगळं दुखणं तिथेच. मी लीचेसवर खेळतो. एका फ्रेंच प्रोग्रामरने २०१० मध्ये सुरू केलेली ही साइट अजूनही फुकट आहे आणि तिच्यावर जाहिराती नाहीत. तिथे सगळ्यांची सुरुवात १५०० पासून होते. जिंकलात की आकडा वाढतो, हरलात की घटतो. चेस डॉट कॉमचा आकडा वेगळा, फिडेचा आणखी वेगळा. त्यांची एकमेकांशी तुलना करू नये, जशी मित्राच्या सीटीसीची आपल्या इन-हँडशी करू नये. करतो आपण, पण करू नये.

माझा आकडा २०१९ पासून १८५० च्या आसपास घुटमळत होता. एखाद्या रात्री १८९० व्हायचा, मी खूश होऊन झोपायचो, आणि दुसऱ्या दिवशी लंच टाइमपर्यंत १८२०. या पाच वर्षांत माझ्या दोन नोकऱ्या बदलल्या, एक लग्न झालं, एक फ्लॅट झाला (म्हणजे त्याचं कर्ज झालं). रेटिंग जिथल्या तिथे!

त्यात आमच्या टीममधला एक पोरगा. हा २०२० च्या लॉकडाउनमध्ये बुद्धिबळ शिकला. 'क्वीन्स गँबिट' बघून आणि समय रैनाच्या स्ट्रीम बघून. तोपर्यंत त्याला किल्लेकोट कसा करतात हेही माहीत नव्हतं. चार वर्षांत तो माझ्या पुढे गेला आणि एकदा कॉफी मशीनपाशी मला म्हणाला, "सर, तुम्ही तर एक्स्पीरियन्स्ड प्लेअर आहात." त्याच्या मनात काही नसावं. पण 'एक्स्पीरियन्स्ड' हा शब्द आमच्या क्षेत्रात कधी वापरतात, हे तुम्हालाही माहीत आहे. ज्याला आता प्रमोशन मिळणार नाही त्याच्यासाठी.

आणि अनुभव म्हणाल तर आहे बुवा! मी मूळचा तुळजापूरचा. तुळजापूरच्या माणसाला पट नवीन नाही. आई भवानी रात्री भारतीबुवांच्या मठात सारीपाट खेळायला जायची, ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. जगाचा कारभार आटपून, दिवसभर भक्तांची गाऱ्हाणी ऐकून, रात्री एक डाव. बायको चिडली की मी ही गोष्ट तिला ऐकवतो. "देवीला सकाळी साडेनऊचा कॉल नसायचा," हे तिचं ठरलेलं उत्तर.

मला बुद्धिबळ शिकवलं अण्णांनी. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. संध्याकाळी ओट्यावर पट मांडायचे आणि सुरुवातीला खेळायचे ते देशी पद्धतीने. ती पद्धत आता कुणाला फारशी माहीत नाही म्हणून सांगतो. प्यादं पहिल्या चालीतसुद्धा एकच घर पुढे जायचं. किल्लेकोट नाही, त्याऐवजी शह बसायच्या आत राजाला एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी. प्यादं पार पलीकडे पोचलं की ते ज्या मोहऱ्याच्या रांगेत पोचलं तेच बनायचं, सरसकट वजीर मागता यायचा नाही. दोन्ही सैन्यं समोरासमोर येईपर्यंत आईचा स्वयंपाक व्हायचा. पुढे स्पर्धांसाठी अण्णांनी कुठून तरी एक पुस्तक पैदा केलं आणि आम्ही दोघांनी मिळून 'आंतरराष्ट्रीय' नियम शिकून घेतले. २००० च्या डिसेंबरात विश्वनाथन आनंद जगज्जेता झाला, तेव्हा पेपरातला त्याचा फोटो अण्णांनी कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. अजून आहे तिथे, पिवळा पडलेला.

अण्णांचे नियम दोनच. एक, हात लावला की चाल. मोहऱ्याला बोट लागलं की तो हलवायचाच, रडायचं नाही. आणि दुसरा, विचार करताना दोन्ही हात मांडीखाली. खरोखर मांडीखाली! मी हाताची बोटं दाबून बसायचो आणि अण्णा म्हणायचे, "आता बघ. काय काय दिसलालंय सांग."

या शिस्तीवर मी दहावीत असताना उस्मानाबादला (आता धाराशिव, नाव २०२३ मध्ये बदललं, पण माझ्या सर्टिफिकेटवर उस्मानाबादच आहे) जिल्हा स्पर्धेत तिसरा आलो. शाळेच्या हॉलमध्ये बाकं जोडून मांडलेले पट आणि पुढच्या काही टेबलांवर लाकडी घड्याळं. त्या घड्याळात काटा बारावर यायला लागला की एक छोटा लाल झेंडा उचलला जायचा आणि वेळ संपली की टपकन पडायचा. इंग्रजीत वेळेवर हरण्याला 'फ्लॅग' म्हणतात ते त्यावरून. तेव्हा माझा झेंडा एकदाही पडला नव्हता. वेळ भरपूर असायची हो.

आता या माणसाला तीन मिनिटं द्या. तीस वर्षं ज्याचे हात मांडीखाली होते त्याला सांगा, साडेचार सेकंदांत चाल कर. साडेचार कुठून आले? १८० सेकंद भागिले ४० चाली. साधं गणित आहे. पण मी ते पाच वर्षं मांडलंच नव्हतं.

सुधारण्यासाठी मी काय काय केलं ते सांगायला लाज वाटते, तरी सांगतो. आधी जास्त खेळलो. रोज तीस-तीस डाव. रेटिंग उतरलं. मग यूट्यूबवर व्हिडिओ बघितले. दर आठवड्याला नवं ओपनिंग. सोमवारी सिसिलियन, गुरुवारी किंग्ज गँबिट. रेटिंग आणखी उतरलं. मग एक जाड पुस्तक मागवलं. त्याचा उपयोग लॅपटॉप उंच ठेवायला झाला.

शेवटी २०२४ च्या उन्हाळ्यात मी जे करायचा पगार घेतो तेच केलं. एक्सेल शीट उघडली. हरलेले साठ डाव काढले आणि प्रत्येकासमोर लिहिलं : का हरलो? लीचेसवर डाव संपल्यावर प्रत्येक चालीला किती सेकंद लागले ते दिसतं, कॉम्प्युटर चूकही दाखवतो. सगळं फुकट. मी ते आजवर उघडूनच बघितलं नव्हतं. हरलेला डाव कोण बघतो? 'रीमॅच' दाबायचं असतं.

दोन रविवार गेले. जे दिसलं त्याने माझी झोपच उडाली. समोरच्याने खरोखर चांगलं खेळून मला हरवलं, असे डाव नऊ. फक्त नऊ! निम्म्याहून जास्त डावांत माझी बाजू बरोबरीची किंवा सरस होती आणि घड्याळात वीस सेकंदांपेक्षा कमी उरले होते. मग घाई, मग घोडा फुकट, मग वजीर फुकट, मग शिव्या. (मराठवाडी शिव्या. हिंजवडीत त्या कुणाला कळत नाहीत, तेवढाच फायदा.)

वेळ जात कुठे होता? शेवटी नाही. सुरुवातीलाच. आठवी ते पंधरावी चाल, जिथे अजून काही पेटलेलं नसतं, तिथे मी एकेका चालीला तीस-चाळीस सेकंद देत होतो. आणि त्याहून भयंकर म्हणजे, एवढा विचार करून मी जी चाल करत होतो ती बहुतेक वेळा मला पहिल्या तीन सेकंदांतच सुचलेली असायची! हे शीटमध्ये दिसत नाही. पण आपले डाव असतात, आपल्याला आठवतं. उरलेले पस्तीस सेकंद मी विचार करत नव्हतोच. मी 'नक्की ना?' एवढंच विचारत होतो. मेल टाइप करून झाल्यावर सेंड दाबायच्या आधी आपण तो चार वेळा वाचतो ना, तसं.

लहानपणी मी आनंदसारखं फटाफट खेळायला गेलो की अण्णा म्हणायचे, "त्याचं बघून पळू नको. त्याचा विचार आधीच झालेला असतो." मला ते शिक्षकी वाक्य वाटायचं. पुढे कळलं की आद्रियान द ग्रूट नावाच्या डच मानसशास्त्रज्ञाने १९४६ मध्ये साधारण हेच मांडलं होतं. तो स्वतः तगडा खेळाडू. त्याला दिसलं की ग्रँडमास्टर आपल्यापेक्षा फार खोलवर हिशोब करतात असं नाही; त्यांना चांगली चाल आधी दिसते. डावातली खरी स्थिती काही सेकंद दाखवून झाकली तर ते ती जवळजवळ जशीच्या तशी मांडून दाखवतात. १९७३ मध्ये चेस आणि सायमन (होय, आडनाव खरंच चेस!) या अमेरिकन संशोधकांनी मोहरे पटावर वाटेल तसे विखरून तोच प्रयोग केला, तर उस्तादांची आघाडी जवळपास नाहीशी झाली. म्हणजे स्मरणशक्ती वगैरे काही नाही. ओळख. आपल्या गल्लीतली माणसं आपण लांबून चालीवरून ओळखतो तशी.

मग माझ्यासारख्या जुन्या खेळाडूचं काय करायचं? ओळख तर माझ्याकडे होती. मी तिच्यावर विश्वास ठेवत नव्हतो, एवढंच.

तेव्हा मी नवीन काही शिकायचं बंद केलं. पांढऱ्यांनी फक्त लंडन सिस्टिम, काळ्यांनी कारो-कान. कंटाळवाणी ओपनिंग्ज, वरणभातासारखी. पण पहिल्या दहा चाली वीस सेकंदांत होतात आणि पुढची स्थिती दरवेळी ओळखीची येते. अवघड कोडी सोडवायची बंद केली. सोपी सोडवायला लागलो, पण झटपट. लीचेसवर 'पझल स्टॉर्म' आहे, तीन मिनिटांत जमतील तितकी. दोन चालींची मात, काट्यात सापडलेला हत्ती. अपमान वाटावा इतकं सोपं. पण डावात आपण हरतो ते यांच्यावरच. हत्तीच्या एंडगेमच्या दोन स्थिती, लुसेना आणि फिलिडोर, दात घासता घासता येतील इतक्या घोटल्या. समोरच्याच्या वेळात विचार करायला शिकलो. आधी त्याचं घड्याळ चालू असताना मी व्हॉट्सॲप बघायचो. खरंच.

आणि सगळ्यात कठीण नियम. लागोपाठ दोन डाव हरलो की बंद. दोन हरलेला माणूस तिसरा डाव बुद्धिबळाचा खेळत नसतो, सूड घेत असतो; तोही भलत्याच माणसावर. हा नियम मला स्वतःला पाळता आला नाही. म्हणून दोन हरलो की फोन बायकोकडे द्यायचा असं ठरलं. तिने ही जबाबदारी ज्या आनंदाने घेतली तो बघून थोडं वाईट वाटलं.

याच्या जोडीला काही चावट विद्याही शिकलो. त्या कुणी पुस्तकात लिहीत नाही. प्रीमूव्ह, म्हणजे समोरच्याची चाल व्हायच्या आधीच आपली लावून ठेवायची, शून्य सेकंदात होते. हरत असलो तरी राजीनामा द्यायचा नाही. त्याच्याकडे आठ सेकंद आणि आपल्याकडे बारा असले, तर पटावर काय आहे ते विसरायचं. राजा इकडून तिकडे, तिकडून इकडे. झेंडा त्याचा पडेल. याला म्हणतात 'फ्लॅग करणं'. नियमात बसतं. सगळे करतात. पोलंडवाला माझ्याशी करतो, मी त्याच्याशी करतो, कुणी कुणाला वाईट म्हणत नाही.

सहा महिन्यांत मी १९६० वर गेलो. ऑफिसातल्या त्या पोराला दोनदा हरवलं. आणि २०२४ च्या दिवाळीला तुळजापूरला गेलो. सोलापूरहून एसटी घाट चढायला लागली तरी माझा डाव चालूच होता. नेटवर्क गेलं, डाव गेला, १९५३. तरी मूड छान होता.

अण्णा आता एकाहत्तरचे. लॉकडाउनमध्ये मीच त्यांना लीचेस लावून दिलं होतं. आम्ही रात्री दहा-दहा मिनिटांचा एक डाव खेळायचो, ते तुळजापुरात, मी पुण्यात. फोनवर आमचं बोलणं 'जेवलास का', 'जेवलो' याच्या पलीकडे कधी गेलं नाही. पण डाव झाला की ते मेसेज करायचे, 'घोडा फार लवकर बाहेर काढलास.' चार वर्षं हे रोज चाललं होतं. मी त्याला गप्पा धरत होतो.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री भाचा म्हणाला, "मामा, आबांशी तीन मिनिटांचा खेळ ना!" पट कपाटावर होता. काढायचा कंटाळा केला आणि एकाच सोफ्यावर शेजारी बसून आम्ही दोन मोबाइलवर सुरू केलं. ३+०. म्हणजे तीन मिनिटं, वर काही नाही. इन्क्रिमेंट झीरो. अण्णा याआधी कधी तीन मिनिटांचं खेळलेच नव्हते. पहिले चार डाव मी जिंकले. भाचा टाळ्या वाजवत होता, आई चिवड्याच्या बश्या भरत होती.

पाचव्या डावात अण्णांनी मला धुतलं. साध्या, शांत चाली. माझा उंट कोंडला, मग हत्ती गेला. त्यांच्याकडे वजीर आणि हत्ती. माझ्याकडे राजा आणि कडेच्या रांगेत अडकलेलं एक प्यादं, जे पुढेही जाऊ शकत नव्हतं. पण त्यांचे सहा सेकंद उरले होते आणि माझे अकरा. हात आपोआप चालला. राजा इकडे. राजा तिकडे. अण्णांना मात दिसली होती. मलाही दिसली होती. एका चालीवर होती. त्यांनी वजिरावर बोट ठेवलं आणि तो ओढत नेऊ लागले. ते नेहमी असं ओढूनच चाल करायचे, पटावर मोहरा सरकवावा तसं. बोट थरथरलं, वजीर वाटेत सुटून परत आपल्या जागी गेला. पुन्हा ओढला. झेंडा पडला.

इथे नियमाची एक गंमत आहे. वेळ संपली, पण समोरच्याकडे मात करायला काहीच उरलं नसेल, नुसता राजाच असेल, तर डाव बरोबरीत सुटतो. माझ्याकडे ते एक प्यादं होतं. त्या प्याद्यापायी मी जिंकलो.

अण्णा म्हणाले, "मात एका चालीत होती."

मी म्हणालो, "हो, पण टाइम संपला ना, अण्णा." आणि हसलो. पुण्यात कॉफी मशीनपाशी हसतो तसं.

त्यांनी मोबाइल टीपॉयवर पालथा ठेवला. चिवडा खाल्ला. झोपायला गेले. रागावले वगैरे काही नाहीत. दुसऱ्या दिवशी देवळात जाऊन आलो, कुंथलगिरीचे पेढे बांधून दिले त्यांनी नेहमीसारखे. पण मी पुण्याला परतल्यावर रात्री डाव लावला, तर त्यांनी घेतला नाही. दुसऱ्या रात्रीही नाही. आठवड्याने आईला विचारलं, तर ती म्हणाली, "ते आता मोबाइल लवकर ठेवून देतात. डोळ्याला तरास होतो म्हणलालेत."

डोळ्याचं खरंच होतं. मोतीबिंदू. मार्चमध्ये ऑपरेशन झालं, नीट झालं. डाव मात्र सुरू झाले नाहीत. माझं रेटिंग त्या हिवाळ्यात १९८७ पर्यंत गेलं. सांगायला कुणी नव्हतं, असं म्हणणार नाही. बायकोला सांगितलं, ती "छान" म्हणाली.

या काळात मी पुष्कळदा त्या डावाचं रेकॉर्ड उघडून बघितलं. चालींपुढचे सेकंद बघितले. अण्णा दर चालीला जवळपास एक सेकंद नुसता ओढण्यात घालवत होते. लीचेसवर मोहरा ओढावा लागत नाही. आधी मोहऱ्यावर टॅप, मग घरावर टॅप, झालं. त्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं. ॲप मी लावून दिलं होतं, तेव्हा सांगायचा तो मीच. चार वर्षांत मला ते सुचलं नाही, असं आपण म्हणू या.

२८ जुलै २०२५, सोमवार. संध्याकाळी ऑफिसातून निघता निघता फोन वाजला. अण्णा. अण्णा स्वतःहून फोन करत नाहीत. पोटात गोळाच आला. पलीकडून थेट, "नागपूरची पोरगी जिंकली! काळ्यांनी!"

दिव्या देशमुख. जॉर्जियातल्या बातुमीला महिलांच्या वर्ल्ड कपची फायनल होती, समोर कोनेरू हंपी. वय १९ विरुद्ध ३८. सावकाशीचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले, मग टायब्रेकला रॅपिड आलं. आणि रॅपिडची जगज्जेती त्या वेळी हंपीच होती, आधीच्याच डिसेंबरात न्यूयॉर्कला झालेली. पहिला रॅपिड बरोबरीत, दुसरा दिव्याने काळ्या मोहऱ्यांनी मारला. वर्ल्ड कप मिळाला आणि त्यासोबत ग्रँडमास्टर किताबही. अण्णांनी सगळं मोबाइलवर लाइव्ह बघितलं होतं. नव्या डोळ्याने.

दहा मिनिटं ते बोलत होते. हंपीचा वेळ कसा कमी पडला, पोरगी शेवटी किती थंड बसली. मी लिफ्टच्या बाहेर उभा. तीन लिफ्ट गेल्या. मग थोडं थांबून म्हणाले, "त्यांच्यात चाल केली की दहा सेकंद परत मिळतात. ते कसं?"

मी सांगितलं. इन्क्रिमेंट. पंधरा मिनिटं अधिक दहा सेकंद. चाल केली की घड्याळात दहा सेकंदांची भर. फिडेच्या जागतिक ब्लिट्झ स्पर्धेतही तीन मिनिटांच्या जोडीला दर चालीला दोन सेकंद असतातच. नुसत्या वेळेवर डाव मारला जाऊ नये, हाच त्यामागचा हेतू.

"म्हणजे माणूस खेळत राहिला तर वेळ संपत नाही."

"बऱ्यापैकी."

"मग तसं असतं हे तू मला सांगितलं नाहीस."

मी काही बोललो नाही. "टॅपचंही सांगायचं राहिलंय," एवढं म्हणालो आणि ते सांगितलं. त्यांनी तिथल्या तिथे करून बघितलं असावं, कारण बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता.

त्या रात्री १५+१० लावला. मला सवयच राहिली नव्हती. तिसऱ्या चालीला अण्णांनी चार मिनिटं घेतली. चार मिनिटं! माझा एक अख्खा डाव आणि वर मिनिटभर. मी दोनदा व्हॉट्सॲप उघडलं, बंद केलं. शेवटी फोन उशीला टेकवून ठेवला आणि हात मांडीखाली घेतले. बायको म्हणाली, "हे काय?" म्हटलं, "काही नाही."

तासभर चालला तो डाव. मी साधारण विसाव्या चालीला एक उंट दिला, फसवायला म्हणून. पोलंडवाला नक्की फसला असता. अण्णांनी तो घेतला, मग माझे दोन्ही हत्ती एकेक करून कापले, वजिराला वजीर दिला, एक प्यादं पलीकडे नेऊन पुन्हा वजीर केला. शेवटी त्यांच्याकडे वजीर आणि हत्ती, माझ्याकडे राजा आणि एक प्यादं.

मात दोन चालींत होती. मला दिसत होती, त्यांना तर दिसतच असणार. त्यांनी आधी ते प्यादं मारलं. मग मात दिली. घड्याळात त्यांच्याकडे चार मिनिटं शिल्लक होती.

मिनिटभराने मेसेज आला. 'उंट उगाच दिलास.'